फिलिपच्या बहिणी

पासिर रिस, सिंगापूर
७ जुलै २०२४

ती. प्रेमलाताईस,

तब्येत बरी असेल. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कानातलं मशीन घातलं की ते शिट्ट्या मारतं, म्हणून आपली ही जुन्या काळची पत्रापत्री चालू आहे. खरं सांगू, मला ती बरी वाटते. फोनवर मोकळं बोलायला या घरात जागाच नाही. एका खोलीत सासूबाईंची मालिका, दुसऱ्या खोलीत सासऱ्यांचं प्रवचन, तिसरीत गार्गीच्या मीटिंगा. मी आमच्या इमारतीखालच्या दगडी टेबलाशी बसून लिहितोय.

बातमी आनंदाची आहे. आपल्या अंजलीचं लग्न ठरलं. मुलगा सारंग, तिच्याच ऑफिसातला. त्याचे वडील निशिकांतराव मूळचे पुण्याचे, कित्येक वर्षं इथे सेम्बावांगला जहाजदुरुस्तीच्या धंद्यात होते. मोठे लोक आहेत. लग्न डिसेंबरमध्ये, हॉटेलात. सगळं गार्गी आणि तिचे आईवडील बघताहेत. माझ्याकडे ने-आण. सासऱ्यांना पॉलिक्लिनिकला ने, सासूबाईंना साड्या बघायला लिटल इंडियात ने. छप्पन्नचा झालो ताई, पण पाय सत्तरीचे वाटतात.

बाकी ठीक. सविस्तर नंतर लिहितो.

तुझा,
प्रीतम


नागपूर
२८ जुलै २०२४

प्रिय प्रीतम, म्हणजेच ड्यूक ऑफ पासिर रिस यांस,

सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्रावर जयभीम दिसला नाही. घाईत राहिला असेल.

अरे बाप्पा, एवढी मोठी बातमी, आणि ती माझ्या कानाच्या मशीनखाली दडवून लिहितोस? काहून रे? पोरीचं लग्न ठरलं की पहिल्या ओळीत लिहायचं असतं! पत्र वाचलं आणि तशीच चपला घालून विहारात गेले. महिला मंडळ जमलेलंच होतं. सगळ्यांना सांगून टाकलं, माझ्या भाचीचं लग्न आहे आणि मी सिंगापूरला जाणार आहे. पासपोर्टची मुदत संपली होती, नवा करायला टाकला.

तुला माहीतच आहे, जन्मभर मी पोरींना इंग्रजी शिकवलं आणि त्यातलं निम्मं मी स्वतः इंग्लंडच्या राजघराण्यातल्या लग्नांवरून शिकले. रद्दीतून मासिकं आणायची आणि फोटोखालची ओळ न ओळ वाचायची. डायना गाडीतून उतरली तेव्हा तिच्या ड्रेसला इतक्या चुण्या होत्या, की ते फोटो बघून वाटलं, अगं कुणीतरी इस्त्री घेऊन धावा! केटच्या लग्नाच्या वेळी तू सुट्टीवर इथेच आला होतास, आपण दोघांनी टीव्हीवर पाहिलं. मेगनच्या डोक्यावरच्या लांब जाळीवर त्रेपन्न देशांची फुलं भरली होती. आपलं कमळ होतं, तुमच्या सिंगापूरचं ऑर्किडही होतं.

पण माझं लक्ष कपड्यांपेक्षा त्या बाहेरून आलेल्या माणसावर असतं. सून असो की जावई, कधी वाकायचं, कुणाच्या मागून चालायचं, सगळं पाठ करावं लागतं. राणीच्या नवऱ्यानं, त्या ड्यूक फिलिपनं तर आधीचे किताब सोडले, चर्च बदललं, आडनाव बदललं आणि जन्मभर बायकोच्या दोन पावलं मागे चालला. पोरांना स्वतःचं नाव देता येत नाही म्हणून एकदा भडकलाही होता म्हणे. तू नोकरी सोडून बायकोच्या मागे, तिच्या नोकरीवर मिळणाऱ्या डिपेंडंट पासवर गेलास तेव्हापासून तुला ड्यूक म्हणते. रागावू नकोस, थट्टा माझ्याशिवाय कोण करणार तुझी?

बारशाला अंजलीच्या कानात नाव मीच सांगितलं होतं. आत्याशिवाय लग्न होतं का कुठे? तारीख कळव, तिकीट काढते.

तुझी,
ताई


पासिर रिस
२५ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,

सप्रेम जयभीम. मागच्या वेळी घाईत राहिलं.

तुझा उत्साह वाचून बरं वाटलं आणि काळजीही वाटली. नागपूरहून मुंबई, मुंबईहून इथवर, म्हणजे सगळा दिवस प्रवासात जातो. तुझे गुडघे कसे आहेत? डिसेंबरात इथे पाऊस फार. हॉटेलातला एसी तर असा असतो की माणूस आखडून जातो. शिवाय निशिकांतरावांनी दोन्ही बाजूंनी किती माणसं बोलवायची ते आखून दिलंय. तारीख चौदा डिसेंबर म्हणताहेत, पण अजून पक्की नाही. तू तिकिटाची घाई करू नकोस.

पत्रिका छापायला गेली. मजकूर सासऱ्यांनी केला. वर ‘श्रीनिवास व अरुणा गोखले यांची नात’ असं मोठ्या अक्षरात आहे, खाली माझं आणि गार्गीचं नाव. माझं आडनाव बसलं नाही, ओळ लांब होत होती म्हणाले. जाऊ दे, एवढ्याशा गोष्टीवरून घरात धुसफुस नको.

संध्याकाळी सगळ्यांची जेवणं उरकली की हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांवर, जाऊन एकटाच कॉफी पितो. तिथे कुणी काही विचारत नाही. गार्गी बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातून येते तेव्हा तीही इतकी दमलेली असते, की आम्ही एकमेकांना ‘जेवलास का, जेवलीस का’ एवढंच विचारतो.

तब्येतीची काळजी घे.

तुझा,
प्रीतम


नागपूर
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय प्रीतम,

जयभीम.

तुझी काळजी वाचली आणि सरळ डॉक्टरकडे गेले. कार्डिओग्राम काढला, गुडघ्यांचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, “बाई, तुमचं हृदय माझ्यापेक्षा बरं चाललंय, खुशाल जा.” घे, झालं समाधान? एसीसाठी शाल घेतेय, पावसासाठी छत्री. आणखी काही अडचण असेल तर तीही कळव, तिचंही औषध करते.

‘रामटेके’ बसलं नाही म्हणतोस? चार अक्षरं ती! बारीक टाइप घ्यायला सांगायचं होतंस.

साडी घेतली. लग्नाला पांढरं नेसणं आपल्यात शुभ, त्यांच्यात चालत नाही, म्हणून मोतिया रंगाची घेतली. कुणाच्या डोळ्यांवर यायला नको. मी विहिणीशी मराठीच बोलणार आहे, इंग्रजी बोलून बिचारीला घाबरवणार नाही. मागे कुठे बसवलं तरी चालेल. महिला मंडळ मला निरोप द्यायला विहारात कार्यक्रम करणार आहे. नको नको म्हटलं तरी ऐकत नाहीत.

प्रीतम, एक मनातलं लिहिते. आई गेली तेव्हा तू एवढासा होतास. तुझं सगळं मी केलं. तुझं लग्न तेवढं रजिस्टर झालं, पुण्याच्या त्या कळकट ऑफिसात. गार्गीकडचं कुणी फिरकलं नाही. आपल्याकडून मी आणि बाबा. बाबांनी सगळ्यांना पेढे वाटायला आणले होते आणि घ्यायलाच कुणी नव्हतं. म्हणून या लग्नाची मला इतकी हौस आहे. एकदा तुला चारचौघांत, मुलीचा बाप म्हणून पुढे बसलेलं बघायचंय. बाकी काही नको.

तारीख पक्की झाली का?

तुझी,
ताई


सिंगापूर
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,

माझं मराठी लिहिणं खूप बॅड आहे, सो सॉरी.

पप्पांनी सांगितलं, तुझ्या डॉक्टरने फ्लाइट नको म्हटलं. हार्टचा प्रॉब्लेम आहे. मी खूप रडली. मला का नाही सांगितलं लाह (सॉरी, इथली बोलायची सवय)? मी सारंगला सांगून ठेवलं होतं की माझं नाव आत्याने ठेवलं, तिला सगळ्या रॉयल वेडिंग्जचं सगळं माहीत आहे, तू तिच्याशी बस आणि ऐक. तो पण सॅड झाला.

आजी म्हणाली, आजारी माणसाला लग्नाचं लिहून त्रास देऊ नको. पण मी ऑफिसमधून पोस्ट करते आहे. तू बरी हो. मग आम्ही दोघं नागपूरला येऊ, ओके?

तुझी,
अंजली


नागपूर
८ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रीतम,

जयभीम.

अंजलीचं पत्र आलं. तिला मी उत्तर पाठवलं की हो बेटा, डॉक्टरांनी विमान नको सांगितलंय, तू लग्न आनंदात कर. तेव्हा तू निर्धास्त राहा. तुझं खोटं मी इथून पक्कं केलं.

फिलिपचं एवढं पुराण तुला सांगत आले, पण एक गोष्ट कधी सांगितली नाही. मला ती आवडत नाही. त्याच्या लग्नाला त्याच्या बहिणींना बोलावलं नव्हतं. तिघी हयात होत्या, तिघी त्याच्याहून मोठ्या. एकीच्या सासरच्यांच्या शाळेत तो शिकायलाही होता. पण तिघी जर्मन घरांत दिलेल्या आणि युद्ध नुकतंच संपलेलं. लोक काय म्हणतील! म्हणून त्या नकोत. पुढे राज्याभिषेकाला बोलावलं त्यांना, पण लग्न ते लग्न.

वर्गात हे सांगितलं की मी पोरींना विचारायची, त्या दिवशी फिलिप मनात काय म्हणाला असेल? कुणी म्हणे रडला असेल, कुणी म्हणे राणीशी भांडला असेल. मला स्वतःला कधी उत्तर सापडलं नाही. आता तूच सांग.

म्हणतात की त्याच्या आईनं नंतर लेकींना लांबलचक पत्र लिहून सगळं लग्न कळवलं. तूही तसं कर. कोण काय नेसलं, कोण काय म्हणालं, सगळं लिही. मी रागावलेली नाही. रागावायला अंगात जोर लागतो, तो आता नाही राहिला. पण मला फार वाईट वाटलंय. ते लिहून ठेवते, नाहीतर तू समजशील की ताईला काही वाटलं नाही.

तुझी,
ताई


पासिर रिस
२२ डिसेंबर २०२४

ती. ताईस,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र खिशात घेऊन महिनाभर फिरलो. आधी लग्नाच्या आधीचं लिहितो.

जुलैत निशिकांतरावांकडची मंडळी घरी आली होती. सारंगच्या आईनं, मीनलताईंनी, सहज विचारलं, “प्रीतमरावांकडचं कोण कोण असतं?” सासूबाई म्हणाल्या, “त्यांचं जवळचं कुणी नाही हो.” मी समोर कपबशांचा ट्रे घेऊन उभा होतो. गार्गीनं माझ्याकडे पाहिलं. मी कप एकेक करून टेबलावर ठेवले. झालं एवढंच. त्यानंतर तू आहेस म्हणून कसं सांगायचं? तू आलीस की आडनाव येणार, गाव येणार, मग जात आलीच. सासूबाईंना तेच नको होतं. सारंगला सगळं माहीत आहे, त्याला काही फरक पडत नाही. पण मोठ्यांच्या बैठकीत त्याला कोण विचारतं?

गार्गीशी मी बोललो. ती म्हणाली, “प्रीतम, एवढं पार पडू दे, मला आता कुणाशी भांडायचं त्राण नाही.” तिला दोष देत नाही. त्राण मलाही नव्हतं.

आता लग्न. हॉल फुलांनी भरलेला. अंजली हिरव्या शालूत इतकी गोड दिसत होती, की सगळं विसरावं. मेगनच्या लग्नात तिच्या बाजूला एकटी आई बसली होती, आठवतं? माझ्या बाजूच्या खुर्च्या तरी गार्गीच्या मावस-मामे भावंडांनी भरून काढल्या.

कन्यादान सासूसासऱ्यांनी केलं. आमच्याकडे गोत्र कुठलं, तेव्हा तेच सोयीचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे मला सांगितलं. जे श्रीनिवासराव आमच्या लग्नाला आले नव्हते ते माझ्या मुलीचा हात हातात घेऊन पाटावर बसले. मी मागे उभा, त्यांच्या गरम पाण्याचा थर्मास धरून. गुरुजींनी मुलीच्या पणजोबांचं, आजोबांचं नाव विचारलं. श्रीनिवासरावांनी आपल्या वडिलांचं सांगितलं, मग स्वतःचं.

तेव्हा माझ्या तोंडून बाबांचं नाव निघालं. “मनोहर.” चांगलं मोठ्यानं म्हणालो, ताई. गुरुजींना वाटलं मी कुणाला हाक मारतोय. त्यांनी मागे वळून पाहिलं, कुणी येत नाही म्हटल्यावर पुढचा मंत्र सुरू केला. फोटोग्राफर म्हणाला, “अंकल, थोडा पीछे.” मी मागे सरकलो.

नंतर साडी बदलायला जाताना अंजलीनं विचारलं, “पप्पा, मनोहर कोण?” सव्वीस वर्षांची मुलगी माझी, तिला तिच्या आजोबांचं नाव ठाऊक नाही! मी सांगितलं, माझे बाबा. तुझ्या डॉक्टरांनी काहीच सांगितलं नव्हतं, हेही सांगितलं. “व्हाय लाइक दॅट, पप्पा?” एवढंच म्हणाली. तेवढ्यात तिला न्यायला माणसं आली. आता दोघं फिरायला गेलीत. अजून तिचा फोन नाही.

तू विचारलं होतंस, फिलिप मनात काय म्हणाला असेल. काही म्हणाला नसेल गं. दमला असेल.

तुझा,
प्रीतम


नागपूर
१० जानेवारी २०२५

प्रिय प्रीतम,

जयभीम.

पत्र काल पोचलं. दोनदा वाचलं आणि मग कुकर लावला. बाबांचं नाव तू घेतलंस. उशिरा घेतलंस, पण घेतलंस. अंजली फोन करेल. तिला उत्तर नीट दे, आता डॉक्टरांना मधे आणू नकोस.

आता माझी पंचाईत ऐक. तुझं पत्र यायच्या आधीच मी इथे सगळ्यांना लग्न सांगून बसलेय.

महिला मंडळाचा तो निरोपाचा कार्यक्रम मला थांबवता आला नाही. थांबवून सांगणार काय होते? माझ्या भावानं मला बोलावलं नाही म्हणून? तुला त्यांनी काय काय म्हटलं असतं, आणि मला ते ऐकून घ्यावं लागलं असतं. विहारात बुद्धवंदना झाली, हार घातले, अंजलीसाठी बुद्धाची लहानशी मूर्ती दिली. डिसेंबरच्या दहा तारखेला बॅग घेऊन निघाले तर अख्खी गल्ली रिक्षापर्यंत आली. कोपऱ्यावर वळेपर्यंत बायका हात हलवत होत्या. वळल्यावर रिक्षावाल्याला म्हटलं, भाऊ, विमानतळ राहू द्या, बसस्टँडला घ्या.

वर्ध्याला सरोजिनीकडे जाऊन राहिले. माझ्याबरोबर शाळेत शिकवायची ती. तिनं काही विचारलं नाही, फक्त रोज ताजी भाकरी केली. चौदा तारखेला, म्हणजे लग्नाच्या दिवशी, मी ती नवी साडी नेसले. सरोजिनी म्हणाली, “कुठे निघालीस?” म्हटलं, कुठे नाही, घडी मोडतेय. मग दोघी टीव्ही लावून बसलो. कुठल्याशा भाज्यांचा कार्यक्रम लागला होता, तोच बघितला.

आठवड्यानं घरी आले. चॉकलेटं वर्ध्यातच घेतली, त्यांचे कागद काढून टाकले आणि डब्यात भरून आणली. संध्याकाळी बायका जमल्या. सिंगापूर सांगा म्हणाल्या. तुझ्या पत्रांतला पाऊस सांगितला, एसी सांगितला, हॉकर सेंटरची कॉफी सांगितली. मग म्हणाल्या, लग्न सांगा.

सांगितलं रे. काय करू? म्हटलं, मीनलताई दारापर्यंत घ्यायला आल्या. माझा हात धरून मला पहिल्या रांगेत बसवलं. आधी आपल्या पद्धतीनं त्रिशरण-पंचशील झालं, मग त्यांचे मंत्र. माझा प्रीतम सगळ्यांच्या पुढे बसला होता, पाठ ताठ, फेटा बांधून. बाबांचं नाव माईकवरून घेतलं, आडनावासकट. आणि अंजली सगळ्यांत आधी येऊन माझ्या पाया पडली. बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं. माझ्याही आलं. तेवढं खरं होतं.

तुझं लग्न वाचलं, प्रीतम. माझं जास्त चांगलं झालं.

आता एक काम कर. सगळ्या फोटो मागताहेत. मी म्हटलं, प्रीतम पाठवणार आहे. तेव्हा एक पाठव. जवळून काढलेला नको. भरपूर गर्दी असलेला बघ, आणि त्यात मागे कुणी म्हातारी बाई पाठमोरी उभी असली तर फार बरं. ती मी, असं सांगेन.

तुझी,
ताई